चावायचं नाही

जयेंद्रभाईंनी हजेरीच्या वहीत
त्याचं नाव पेन्सिलीनं लिहिलं: केयूर माने.
म्हणाले, तीन महिने. पछी जोईशुं.
पगार अर्धा, चहा पूर्ण.

रावपुऱ्यात, घड्याळवाल्याच्या डोक्यावर
आमची दातांची लॅब.
चार माणसं, एक पंखा,
तोही प्लास्टर उडतं म्हणून बंद.
इथं मी एकोणीस वर्षं
न पाहिलेल्या लोकांची तोंडं भरते आहे.

पहिल्याच आठवड्यात त्यानं
डावी दाढ उजवीकडे लावली,
स्पिरिटच्या दिव्यावर बाही जाळली,
मग कुणा भोयरेकाकांचा खालचा साचा फोडला
आणि फोडल्याबरोबर येऊन सांगितलं.
आमच्याकडे सांगायची पद्धत नाही.
तुकडे टेबलाखाली सरकवायची आहे.

भाई मला जिन्यात गाठायचे,
छोकरो केवो छे?
मी म्हणायची, शिकेल.
कधी म्हणायची, हात थरथरतो.
एकदा म्हटलं, प्रश्न फार विचारतो,
आणि रात्री भाकरी थापताना
तेच वाक्य परत परत हाताला लागलं.
चपला घालता घालता
किती सहज बोलतो आपण
दुसऱ्याच्या ताटाबद्दल.

त्याला रंगपट्टीचा नाद लागला.
बसमध्ये, देवळात, लग्नाच्या पंगतीत
लोकांचे दात मोजायचा.
ताई, तुमचे ए-थ्री.
वॉचमनचे बी-टू, नशीबवान आहे.
भाईंचे? म्हटलं.
तो हळूच म्हणाला, पट्टीत नाहीत. मावा.
एकोणीस वर्षांत त्या खोलीत
मी इतकी मोठ्यानं हसले नव्हते.

मेणात बसवलेल्या दातांनाही आम्ही ट्रायलच म्हणतो.
पेशंटच्या तोंडात घालून बघायचे,
आरशात हसायचं, बोलायचं,
चावायचं मात्र नाही.
हे मी त्याला पहिल्या दिवशी शिकवलं
तेव्हा तो नुसता मान हलवून गप्प बसला.

सत्त्याऐंशीव्या दिवशी
दांडिया बाजारच्या निवृत्त शिक्षिका, इंदुमती शिर्के,
वरची पूर्ण कवळी. सोबत डॉक्टरनं
त्यांचा तरुणपणीचा फोटो पाठवलेला, रुंदीच्या अंदाजासाठी.
फोटोत एक दात शेजारच्यावर
किंचित रेललेला,
वर्गात शेजारणीच्या कानात काही सांगावं तसा.
केयूरनं तो तसाच लावला.

भाईंनी चष्मा कपाळावर नेला. आ शुं? वांकुं?
फोटो, एवढंच म्हणाला तो.
सीधुं कर.
त्यानं दिवा पेटवला, सुरी तापवली,
दात सरळ केला.
नाव पेन्सिलीत असलं
की माणूस दात सरळ करतो.

सगळे गेल्यावर मी परत दिवा लावला.
तांदळाच्या कणीएवढं मेण हललं.
दात पुन्हा रेलला.
डबी बंद केली, पाठवणीच्या वहीत
निळ्या शाईनं माझी सही केली.
धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात.
माझी शाई जुनी आहे, वाळलेली आहे,
सहज पुसली जात नाही, इतकंच.

नव्वदाव्या दिवशी भाई आणंदला, भाचीच्या साखरपुड्याला.
वही ड्रॉवरमध्ये, किल्ली त्यांच्या खिशात.
एक्याण्णवाव्या दिवशी केयूर दहाला दहा कमी असताना आला.
ये, असं कुणी म्हणालं नव्हतं.
येऊ नको, असंही नाही.
त्यानं एप्रन चढवला,
मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

साडेअकराला फोन. दवाखान्यातून.
शिर्केबाईंची ट्रायल कुणी लावली?
डॉक्टरांचा आवाज नेहमीसारखाच, सपाट.
त्यावरून बरं की वाईट, काही कळेना.
मागे पॉलिशचं मशीन थांबलं.

मी म्हटलं,
डॉक्टर, आधी सांगा,
त्या हसल्या का?